आमच्या पॅकहाऊसचं साइड इफेक्ट रजिस्टर

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. आमच्याकडे पॅकिंग चालू असताना टेबलाखालच्या क्रेटमध्ये खुडलेले मणी पडत राहतात. तिकडे कुणाचं लक्ष नसतं, आणि संध्याकाळी बघावं तर क्रेट गच्च भरलेला. या गोष्टींचंही तसंच झालंय.

मी पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटी बघते. म्हणजे साठ बायका दिवसभर द्राक्षं भरतात आणि मी दिवसभर त्यांत खोट काढते. याचा मला पगार मिळतो. घरी हेच काम मी फुकट करते, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे.

तर हे सगळं लसीच्या सीझनचं. ज्या कंपनीला आमचा माल जायचा तिने कळवलं की लाइनवरच्या प्रत्येक माणसाची कोविडची लस झालेली पाहिजे, नाहीतर माणूस आत घेऊ नका. निम्म्या बायकांची झालेली होती. उरलेल्या निम्म्यांनी गावात लसवाले आले की शेतात जायचं आणि ते गेले की घरी यायचं, हा कार्यक्रम वर्षभर पाळला होता. इतकी शिस्त त्यांनी माझ्या हेअरनेटच्या बाबतीत कधी दाखवली नाही.

बहुतेकींना सुई नको होती, बाकी काही नाही. एकीचा प्रश्न मात्र खरा होता. विमलबाई आमच्या लाइनवरच्या सगळ्यात जुन्या पॅकर. घड नुसता हातात घेऊन वजन सांगतात, काटा त्यांच्यानंतर सांगतो. त्यांची मुलगी सुनीता चांदवडला दिलेली, पहिलटकरीण, सातवा महिना लागलेला. लवकरच बाळंतपणाला माहेरी येणार होती. सुनीताला लस द्यायची की नाही, याचा निर्णय सासरच्यांनी विमलबाईंवर सोडला होता. काही बरंवाईट झालं तर कुणाचं नाव घ्यायचं, ते त्यांनी असं आधीच ठरवून ठेवलं होतं.

*

आमचे मालक आप्पा. त्यांचं सगळं शिक्षण बागेत झालंय, त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांच्याकडे बागेतलं उत्तर असतं.

नवीन औषध आलं की आमच्याकडे कुणी ते सगळ्या बागेवर मारत नाही. आधी एका ओळीवर फवारायचं, त्या ओळीला लाल रिबीन बांधायची आणि तीन दिवस बघायचं. पानं करपली नाहीत तर मग बाकीची बाग. आप्पांनी सगळ्यांना गोळा करून जाहीर केलं, "घाबरायचं काम नाय. आपण आधी एक ओळ मारून बघू."

ओळ म्हणून दिलीपची निवड झाली. दिलीप पॅलेट ओढतो, तिशीचा आहे, लग्न व्हायचंय. करपला तरी बागेचं फार नुकसान नाही, असा एकंदर विचार असावा. दिलीपला विचारण्याची पद्धत नव्हती, कारण ओळीला कुणी विचारत नाही.

आप्पा स्वतः त्याला मोटरसायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले आणि आल्यावर त्याच्या मनगटाला लाल रिबीन बांधली.

"आप्पा, हे कशाला?"

"लक्षात राहावं म्हणून."

"माझ्या लक्षात हाय की."

"तुझ्या नाय रे. आमच्या."

पुढचे दोन दिवस दिलीपने जांभई दिली तरी लाइन थांबायची. तो चार वेळा पाणी प्यायला, हे बायकांनी मला येऊन सांगितलं. मोबाइलकडे बघून एकटाच हसला, हेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो कामावरच आला नाही, आणि फोनही बंद. दुपारच्या जेवणापर्यंत लस घ्यायला तयार झालेल्यांच्या यादीतली सगळी नावं कमी झाली. आप्पा त्याच्या घरी जाऊन आले. घराला कुलूप. परत आल्यावर ते बराच वेळ प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल गार करायच्या खोलीच्या, दारात उभे होते. माणूस इतका पांढरा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

चौथ्या दिवशी दिलीप इस्त्रीचा शर्ट घालून हजर. ओझरला मुलगी बघायला गेला होता.

आप्पा भडकले. "सांगून जायचं नाय का?"

"सांगितलं असतं तर सगळे आले असते."

"बरं, तब्येत कशी हाय?"

"तब्येत टकाटक हाय. पण मुलीच्या बापाने विचारलं, मनगटाला हे काय, नवस हाय का? मी म्हटलं, नाय, माझ्यावर औषधाची ट्रायल चालू हाय." दिलीपने रिबीन सोडून आप्पांच्या हातात दिली. "पोहे आलेच नाय मंग."

*

पोहे आले नाहीत, पण दिलीप जिवंत होता. एवढ्या पुराव्यावर यादी पुन्हा भरली आणि शनिवारी सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर निळा डबा घेऊन पॅकहाऊसवर आल्या. सिस्टर म्हणजे कोरडं प्रकरण. त्यांनी एकदाच, न थांबता सांगितलं, "हात दुखेल. अंग मोडून येईल. ताप येऊ शकतो, आला तर गोळी घ्यायची. क्वचित कुणाला जास्त त्रास होतो, तो बहुतेक लगेच कळतो. म्हणून अर्धा तास इथेच बसायचं. कुणी उठायचं नाही."

आप्पांनी हात वर केला. "सिस्टर, पीएचआय किती?"

पीएचआय म्हणजे औषध फवारल्यापासून माल तोडेपर्यंत जे दिवस थांबावं लागतं ते. आमच्याकडे शाळेतल्या पोरांना पाढे येणार नाहीत, पण कुठल्या औषधाचा पीएचआय किती ते येतं. सिस्टरला नाही आलं.

"म्हणजे काय?"

"म्हणजे औषध मारल्यावर माल कधी उचलायचा?"

"कुठला माल?"

आप्पांनी बायकांकडे बोट दाखवलं.

सिस्टरने चष्म्यावरून बघितलं. "अर्ध्या तासाने उठतील. ताप आला तर दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या."

सुट्टीचं आप्पांना ऐकूच आलं नाही. "अर्धा तास?" ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, द्राक्षाला असलं औषध कधी काढणार हे लोक?"

त्यानंतर मात्र त्यांचे हाल झाले. सीझनमध्ये आमच्या बायका उभ्याने काम करतात, उभ्याने चहा पितात. इथे वीस बायका एकदम खुर्चीवर, हातात बिस्किट, आणि काहीच करत नाहीत. आप्पांनी दहा मिनिटं कशीबशी सहन केली. मग आतून स्टिकरचे रोल आणले. नुसत्या बसल्याच आहेत, तर पनेटच्या, म्हणजे द्राक्षं भरायच्या प्लास्टिकच्या डब्यांच्या, झाकणांना स्टिकर लावतील.

"हे निरीक्षण आहे," सिस्टर म्हणाल्या. "कामाची वेळ नाही."

आप्पा रोल घेऊन परत गेले. लाइनवरून एक बाई हळूच सिस्टरपाशी आली. तिचे दोन्ही डोस कधीच झालेले होते.

"सिस्टर," ती म्हणाली, "मला नुसतं निरीक्षण मिळंल का?"

*

विमलबाई त्या शनिवारी खुर्च्यांकडे फिरकल्याच नाहीत. मी टेबलापाशी गेले तर त्यांनी मान वर न करता विचारलं, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या हाय. खरं सांगा. काय होतं यानं?"

माझा दुसरा डोस राहिला होता, तो मी नुकताच घेतला होता. पहिल्याला मला काहीही झालं नव्हतं. मी एकदम भाषणाच्या सुरात म्हटलं, "काही होत नाही हो. बघा माझ्याकडे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घडाकडे बघितलं. त्या दिवशी तेवढंच.

*

आप्पांना कुठलीही गोष्ट लिहून ठेवल्याशिवाय झाली असं वाटत नाही. त्यांनी मला रजिस्टर आणून दिलं. त्यावर मार्करने लिहिलेलं, 'साइड इफेक्ट.' लस घेतलेल्या प्रत्येकाने रोज सकाळी काय झालं ते सांगायचं आणि मी लिहायचं. मला कामं कमीच होती ना!

सोमवारपासून लोकांनी मन मोकळं केलं. हात दुखणं आणि ताप हे तर आलंच. शिवाय एकीची म्हैस आटली. एकीचा कुकर शिट्टी देईना. एकीच्या सासूचा स्वभाव बिघडला होता. चौकशी केल्यावर कळलं की तो लग्नापासून तसाच आहे.

मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, तुम्ही ट्रायल घेता तेव्हा एक ओळ बिनऔषधाची ठेवता की नाही?"

"चेक ओळ. ठेवावीच लागती. नायतर कळणार कसं, पान औषधानं करपलं का उन्हानं?"

"मग ज्यांनी लस घेतली नाही त्यांचंही लिहू."

आप्पांना हे इतकं पटलं की ही कल्पना दुपारपर्यंत त्यांचीच झाली होती.

चेक ओळीतला मुख्य माणूस संजय. संजय ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो आणि मालाची कागदपत्रं करतो. उरलेल्या वेळात तो मोबाइलवर वैद्यकशास्त्र शिकायचा. लसीने काय काय होतं, ते बनवणाऱ्यांना माहीत नसेल इतकं त्याला माहीत होतं. त्याने अर्थातच घेतली नव्हती.

चौथ्या दिवशी तो लंगडत आला. "मॅडम, लिहा. गुडघा धरलाय. साइड इफेक्ट."

"संजय, तुम्ही लस कुठे घेतलीय?"

"मी नाही. पण बायकोने घेतली ना परवा."

"मग तिला काय झालं?"

"तिला काहीच नाही," संजय गुडघा चोळत म्हणाला. "सगळं माझ्यावर आलं."

मी लिहून घेतलं. क्वालिटीत नियम असतो, जसं आहे तसं लिहायचं.

*

तोच नियम मी स्वतः कसा पाळला ते आता सांगते.

शनिवारी लस घेऊन मी नाशिकला घरी गेले. संध्याकाळी सात वाजता थंडी भरली. दोन ब्लँकेटं झाली, वर नवऱ्याचं जॅकेट झालं, तरी दात वाजायचे थांबेनात. काही होत नाही हो, बघा माझ्याकडे! नवऱ्याने बघितलं. थर्मामीटरही बघितला आणि गोळी दिली. मग फार प्रेमाने विचारलं, "आता खोट कुणात काढायची?"

रविवार अंथरुणात गेला. सोमवारी ताप नव्हता, पण डावा हात खांद्याच्या वर जाईना. केस नवऱ्याने विंचरून दिले. ते कसे दिसत होते याबद्दल काही बोलत नाही. मी कामावर गेले आणि कुणाला एक शब्द सांगितला नाही. आप्पांचं रजिस्टर सुरू झालं ते त्याच सकाळी. सगळ्यांची दुखणी मी लिहिली. माझ्या नावापुढे लिहिलं, 'निरंक.'

हे चार दिवस चाललं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण दुपारी विमलबाई म्हणाल्या, "मॅडम, तेवढा वरचा क्रेट द्या जरा. रिकामाच हाय."

मी उजवा हात पुढे केला.

"डाव्यानं द्या. उजव्या बाजूला काटा हाय, धक्का लागंल."

मी डावा हात उचलायला गेले, तो कोपरापर्यंत आला आणि तोंडातून आवाज निघाला. विमलबाईंनी क्रेट स्वतःच काढून घेतला. आवाज चढवला नाही.

"मी एक सडका मणी घडाखाली झाकला तर तुम्ही अख्खा पनेट परत करता," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला पोरीसाठी विचारलं व्हतं, मॅडम."

मला इतकी लाज फार वर्षांत वाटली नव्हती. त्यांना धीर द्यायचा म्हणून खोटं बोलले, असं मी मनाला सांगून पाहिलं. खरं म्हणजे मला शहाणं दिसायचं होतं. मी रजिस्टर आणलं, 'निरंक' खोडलं आणि त्यांच्यासमोर लिहिलं, 'जोराचा ताप, एक दिवस. थंडी. हात वर जात नाही.'

मग आठवडाभर रोज दुपारी मी त्यांना रजिस्टर वाचून दाखवलं. घेतलेल्यांची ओळ आणि न घेतलेल्यांची ओळ. त्यांचे हात चालूच असायचे. घेतलेल्यांत ताप भरपूर होता, तो दोन दिवसांत गेला होता. न घेतलेल्यांत डोकेदुखी होती, कंबरदुखी होती, संजयचा गुडघा होता. म्हशी दोन्हीकडे आटल्या होत्या. शुक्रवारी सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"यात पोटुशी कोन हाय?"

कुणीच नव्हती. मी म्हटलं, "विमलबाई, मला माहीत नाही." हे वाक्य मी क्वालिटीत आल्यापासून पहिल्यांदा म्हटलं असेन.

*

दुसऱ्या शनिवारी सिस्टर पुन्हा आल्या. या वेळी विमलबाई स्वतः उठून त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. सुनीताचं सगळं सांगितलं.

सिस्टर म्हणाल्या, "गरोदर बाईला देतो आम्ही. देण्याचाच सल्ला आहे. ताप येऊ शकतो, आला की लगेच गोळी घ्यायची, अंगावर काढायचा नाही. आणि लस न घेता या दिवसांत आजार झाला, तर तो जास्त वाईट. तिच्या डॉक्टरलाही विचारा."

"तुमच्या पोरीला दिली असती का?"

"मला मुलगी नाही. सुनेला दिली."

"मंग? तिला काय झालं?"

"तीन दिवस माझ्याशी बोलली नाही."

"तापानं?"

"रागाने. मी न विचारता नाव लावलं होतं," सिस्टर सिरिंज उघडता उघडता म्हणाल्या. "नातू आता चार महिन्यांचा आहे. छान आहे. ती अजूनही कामापुरतंच बोलते."

विमलबाई खुर्चीत बसल्या आणि पदर खांद्यावरून बाजूला केला. "आधी मला द्या," त्या म्हणाल्या. "मला काय व्हतं ते बघते, मंग तिचं बघू."

*

शेवटचा किस्सा विमलबाईंनी सांगितलेला. मंगळवारी त्या कामावर आल्या, चेहरा उतरलेला, पण हात नेहमीसारखे चालत होते. मी विचारलं, "ताप आला?"

"लय आला."

झालं असं की लस घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, सुनीता माहेरी आली. जावई सोडून गेला. विमलबाईंच्या अंगात तेव्हा सणसणून ताप. पण पोरीला तो दिसता कामा नये. तिने बघितला तर ती भिणार, मग लस कधीच घेणार नाही. म्हणून विमलबाईंनी तापातच पुरणाचा घाट घातला. डोळे लाल का, तर चुलीचा धूर. अंग गरम का, तर चुलीपाशी बसलेय. थरथरतेस का, तर म्हातारपण.

"दुपारपत्तोर निभावलं मी," विमलबाई म्हणाल्या. "मंग पोळी लाटता लाटता लाटणं हातातून पडलं. तिनं कपाळाला हात लावला. उठली, तिची पिशवी उघडली आन गोळ्यांचं पाकीट काढलं. हीच गोळी, सिस्टर देती ती. दहातल्या चार गोळ्या नव्हत्या."

"मग?"

"मंग मी इचारलं, ह्या चार कोनी खाल्ल्या? खाली बघाया लागली. म्हटलं, सुनीता, कोनी खाल्ल्या? म्हणली, मी. संक्रांतीच्या आधी लस घेतली मी, आई. दीड दिवस ताप व्हता. डॉक्टरला इचारून घेतली."

विमलबाईंनी हातातला घड काट्यावर न ठेवताच पनेटमध्ये ठेवला.

"मी म्हटलं, अगं, मी हितं महिनाभर जेवले नाय धड. तुला रोज फोनवर सांगत व्हते, मी सांगस्तोवर कोनाचं ऐकू नको म्हणून. तर म्हणती, हा, मंग नाय ऐकलं कोनाचं. तुझं बी नाय ऐकलं."

आजूबाजूच्या चार बायकांचे हात थांबले होते. मीही कुणाला काम करा म्हटलं नाही.

"आणि तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. "रागावलात?"

"रागावनारच व्हते," विमलबाई म्हणाल्या. "पर गोळ्या तिच्यापाशी व्हत्या."